गाडगे, डबा आणि जोडा : वापरातल्या वस्तू आणि सामूहिक स्मृतीचा प्रश्न

'स्मारक' या शब्दाचा मूळ अर्थ 'आठवण करून देणारे' एवढाच आहे; परंतु व्यवहारात हा शब्द चौथरा, पुतळा, कोनशिला आणि वर्षातून एकदा घातला जाणारा हार यांच्याशी इतका घट्ट बांधला गेला आहे की, ज्या वस्तू माणसाला खरोखर आठवण करून देतात त्यांना स्मारक म्हणायला जीभ सहजी वळत नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र जगभरातील स्मारकांच्या रचनेत मोठा पालट घडून आला. युद्ध, वंशसंहार, फाळणी अशा सामूहिक आघातांची आठवण जपण्यासाठी वीरपुरुषांच्या पुतळ्यांच्या जोडीने, आणि पुष्कळदा त्यांच्या जागी, जेवणाचा डबा, बूट, खुर्ची, चष्मा, सुटकेस अशा रोजच्या वापरातल्या वस्तू पुढे आल्या. पुतळ्यासमोरून न थांबता जाणारी माणसे या वस्तूंपुढे थबकू लागली. एका माणसाच्या हाताळण्यातली वस्तू त्या माणसाला कधीही न पाहिलेल्या असंख्य लोकांची आठवण कशी होऊ शकते, आणि झाली तर तिला नेमके आठवण म्हणता येते का, हा प्रश्न केवळ कलासमीक्षेच्या कक्षेत मावणारा नाही. त्याची मुळे भारतीय धर्मचिंतनात आणि तत्त्वज्ञानात खोलवर गेलेली आहेत, म्हणून तिथूनच विचार सुरू करणे युक्त ठरते.

पाली साहित्यातील कालिंगबोधि जातकात या प्रश्नाची एक फार जुनी मांडणी आढळते. बुद्ध चारिकेवर, म्हणजे धर्मोपदेशाच्या भ्रमंतीवर असताना श्रावस्तीच्या जेतवनात दर्शनाला आलेल्या लोकांना फुले वाहण्यासाठी काहीच जागा उरत नसे, तेव्हा आनंदाने बुद्धांना विचारले की, पूजनीय स्मृतिस्थाने, म्हणजे चेतिये, किती प्रकारची असतात. उत्तर असे मिळाले की ती तीन प्रकारची असतात : शरीराच्या अवशेषांवर उभे राहणारे ते शारीरिक, त्या व्यक्तीच्या वापरात आलेल्या वस्तूवर किंवा स्थळावर उभे राहणारे ते पारिभोगिक, आणि तिला उद्देशून नव्याने घडवलेले ते उद्देशिक. शारीरिक चेतिय जिवंतपणी शक्य नाही, आणि उद्देशिकाला वस्तूचा आधार नसून ते केवळ मनावर अवलंबून असते, असा त्या कथेतला विचार आहे. म्हणून ज्याच्या छायेत बुद्धांना ज्ञान झाले त्या बोधिवृक्षाचे फळ आणून जेतवनाच्या दाराशी लावले गेले. 'परिभोग' म्हणजे वापर. ज्या वस्तूचा वापर झाला ती वस्तू मूर्तीपेक्षा अधिक भरवशाची आहे, असा हा निवाडा आहे, आणि आजच्या संग्रहालयांत जी वादाची रेघ पुन्हापुन्हा दिसते ती याच वर्गीकरणावरून ओढता येते.

या विचाराचा महाराष्ट्रातील सर्वांत हृद्य पुरावा मुंबईच्या उत्तरेला सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात सापडला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तिथला स्तूप उकलला, तेव्हा मध्यभागी एक दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक होता, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. या सोन्याच्या करंडकात रत्न नव्हते की अस्थी नव्हत्या. सोन्याच्या फुलांबरोबर तिथे मातीच्या भांड्याचे १३ लहान तुकडे ठेवलेले होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून जपले गेले असावेत, असा निष्कर्ष भगवानलालांनी काढला. ते पात्र खरोखर बुद्धांचे होते की नव्हते हे सिद्ध करण्याचे साधन कोणाजवळ नाही, आणि या ठिकाणी त्याची आवश्यकताही नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, कुंभाराच्या चाकावर उतरलेली आणि रोज दारोदार भाताची मूठ घेणारी माती ज्यांनी सोन्याच्या आत ठेवली, त्यांनी मोल कशाला असते याचा क्रमच उलटा लावला होता. बाजारात सोने जपण्यासाठी मातीच्या मडक्यात पुरतात. इथे मातीची खापरी जपण्यासाठी सोने कामाला लावले गेले. हे करंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

पारिभोगिक वस्तूला एवढे बळ कोठून येते, याचे उत्तर श्रद्धेच्या भाषेत 'स्पर्शाने' असे देता येईल. न्यायदर्शनाने मात्र त्याचे उत्तर ज्ञानमीमांसेच्या, म्हणजे ज्ञान कसे होते याचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या भाषेत दिले आहे आणि ते अधिक उपयोगी आहे. नैयायिकांच्या मते अनुभव येऊन गेला की आत्म्यावर त्याचा ठसा राहतो; या ठशाला संस्कार म्हणतात, आणि केवळ या संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान म्हणजे स्मृती. परंतु संस्कार एरवी निजलेला असतो. त्याला जागे करणारे काहीतरी समोर यावे लागते, आणि त्याला उद्बोधक, म्हणजे जाग आणणारा, असे नाव आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात अशा कारणांची पंचविसाहून मोठी यादी आहे आणि वात्स्यायनाने आपल्या भाष्यात तिच्यातील एकेका शब्दाला दाखला दिला आहे. परिग्रह, म्हणजे मालकी, हे एक कारण : वस्तू दिसली की धनी आठवतो. वियोग हे दुसरे : ज्याच्यापासून ताटातूट झाली त्याचीच आठवण अधिक तीव्र होते. प्राप्ती हे आणखी एक : ज्याच्याकडून काही मिळाले तो पुन्हापुन्हा आठवतो. क्रिया या कारणाचा दाखला असा की रथ पाहिला म्हणजे रथ घडवणारा आठवतो, आणि व्यवधान, म्हणजे आच्छादन, याचा दाखला असा की म्यान पाहिले म्हणजे तलवार आठवते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या या भाष्यात स्मारकशिल्पाचे सगळे मर्म आलेले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

परंतु याच दर्शनाने पुढे एक अवघड अडथळाही उभा केला आहे. एकाने जे अनुभवले ते दुसऱ्याला आठवू शकत नाही, हा नैयायिकांचा पक्का सिद्धान्त आहे. तसे होत असते तर गुरूचा अनुभव शिष्याला आणि आईचा अनुभव मुलाला आपोआप आठवला असता, असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि देहाहून निराळा, टिकून राहणारा आत्मा सिद्ध करण्यासाठी त्यांनी तो वापरला. हा सिद्धान्त काटेकोरपणे मानला तर 'सामूहिक स्मृती' ही संज्ञाच कोसळते, कारण २००० साली जन्मलेल्या मुलाला १९४५ सालचे काही आठवणे शक्य नाही. त्याला फार तर कोणी सांगितलेले कळेल, म्हणजे शब्दप्रमाणाने ज्ञान होईल. स्मृती होणार नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरीस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, स्मृतीच्या सामाजिक चौकटींवरील ग्रंथात याच्या नेमकी विरुद्ध बाजू मांडली. त्यांच्या मते एकट्या माणसाची अशी आठवण नसतेच; कुटुंब, धर्म, व्यवसाय यांनी पुरवलेल्या चौकटीत बसवूनच माणूस काहीही आठवू शकतो. हाल्बवाक्स १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मरण पावले. ज्याने सामूहिक स्मृतीला शास्त्रीय रूप दिले तो विद्वान त्याच संहाराचा बळी ठरावा, ज्याच्या स्मरणाचा प्रश्न पुढे साऱ्या जगाला पडला, ही गोष्ट त्यांचा ग्रंथ वाचताना मनातून जात नाही.

या दोन टोकांमध्ये वापरातली वस्तू उभी आहे, आणि ती तिथे काय करते हे हिरोशिमाच्या एका डब्यावरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांतील हजारो मुले शहरात घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याच्या कामावर आणलेली होती, कारण हवाई हल्ल्यात आग पसरू नये यासाठी असे पट्टे लागत. त्यांच्यापैकी एका मुलाचा मृतदेह त्याच्या आईला नंतर सापडला, आणि त्या देहाखाली त्याचा जेवणाचा डबा होता. हा डबा हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात आहे. धातू वेडावाकडा झाला आहे, आणि आतले अन्न आहे त्या जागी काळा कोळसा होऊन बसले आहे. स्फोट सकाळी सव्वाआठला झाला आणि डबा दुपारी उघडायचा होता.

या डब्यासमोर उभ्या असलेल्या परक्या माणसाला त्या मुलाची आठवण होते का? न्यायमताने नाही, आणि न्यायमत बरोबर आहे. परंतु त्या माणसाजवळ डब्याचा स्वतःचा संस्कार असतो. झाकण कोणत्या बाजूने निघते, पहाटे ते कोणाच्या हाताने लागते, मधल्या सुटीपर्यंत दप्तरात त्याची ऊब कशी लागते, डबा उघडताना पहिला वास कसा येतो, हे त्याला शिकवावे लागत नाही. सादृश्य, म्हणजे सारखेपणा, हेही गौतमाच्या यादीतील एक उद्बोधक आहे. समोरचा डबा पाहणाऱ्याच्या अंगी असलेला संस्कार जागा करतो, आणि ही जागी झालेली, पूर्णपणे त्याची स्वतःची असलेली स्मृती संग्रहालयाने शब्दांनी सांगितलेल्या दुसऱ्याच्या मृत्यूला जाऊन भिडते. ऐकलेली गोष्ट माणूस बाजूला ठेवू शकतो, स्वतःची आठवण बाजूला ठेवता येत नाही. आणि या ठिकाणी दोन्ही एकाच वस्तूत गुंतलेल्या असल्यामुळे ऐकलेल्या गोष्टीला आठवणीचे बळ चढते. सामूहिक स्मृती म्हणजे एकाचा अनुभव दुसऱ्याच्या मनात उतरणे नव्हे. अनेकांच्या आपापल्या आठवणी एकाच वस्तूपाशी जाग्या होऊन एकाच मृत्यूकडे वळतात, त्या घडामोडीला हे नाव देणे अधिक योग्य होईल. पुतळ्याला हे साधत नाही, याचे कारण साधे आहे : घोड्यावर बसून तलवार उगारण्याचा संस्कार पाहणाऱ्यांपैकी जवळपास कोणाजवळच नसतो, आणि जेवणाच्या डब्याचा संस्कार सगळ्यांजवळ असतो.

याच संग्रहालयात एक तीनचाकी सायकल आहे. ती चालवणारा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. वडिलांनी त्याला अंगणातच पुरले आणि एकट्याने जाऊ नये म्हणून सायकलही त्याच्याबरोबर पुरली. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, मुलाचे अवशेष कुटुंबाच्या दफनस्थानी नेण्यासाठी जमीन उकरली तेव्हा गंजलेली सायकल वर आली, आणि वडिलांनी ती संग्रहालयाला दिली. कलेच्या दृष्टीने या संग्रहालयाने पुढे घेतलेला एक निर्णय विशेष महत्त्वाचा आहे. भाजलेल्या, कातडी लोंबणाऱ्या माणसांचे पुतळे अनेक वर्षे तिथे मांडलेले होते. ते पाहून मुले घाबरत, आणि ते काढू नयेत अशी मागणी करणारेही पुष्कळ होते. २०१७ मध्ये ते पुतळे हलवण्यात आले, आणि २०१९ मध्ये नव्याने उघडलेल्या मांडणीत मृतांच्या प्रत्यक्ष वापरातल्या कपड्यांना आणि वस्तूंना, त्यांच्या नावांसह, मुख्य जागा मिळाली. जातकाच्या भाषेत सांगायचे तर उद्देशिकाला बाजूला सारून पारिभोगिकाला पुढे आणले गेले, आणि हा निर्णय योग्यच होता. पुतळा पाहणाऱ्याला भयभीत करतो, पण भयाने माणूस मागे सरकतो. डबा त्याला जवळ ओढून घेतो.

पोलंडमधील ऑश्विट्झच्या संग्रहालयात हीच गोष्ट अतिशय कठीण रूपात पुढे येते. तिथे सुमारे १,१०,००० बूट-चपला, १२,००० हून अधिक भांडी, सुमारे ४० किलो चष्मे आणि सुमारे ३,८०० सुटकेसी जपलेल्या आहेत. शिवाय जवळजवळ दोन टन मानवी केस आहेत. संग्रहालयाचे तज्ज्ञ बुटांचे आणि सुटकेसींचे शास्त्रशुद्ध जतन करतात, परंतु केस हे मानवी देहाचे अवशेष मानून त्यांच्यावर जतनप्रक्रिया करीत नाहीत. ते काळाच्या स्वाधीन केलेले आहेत. ज्यांनी हा भेद पाळला त्यांना शारीरिक आणि पारिभोगिक हे शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी ते त्याच सीमेवर येऊन थांबले. त्यांच्यापुढचा दुसरा प्रश्न ढिगाऱ्याचा आहे. बुटांचा डोंगर पाहून संहाराचा आकार कळतो हे खरे, परंतु वस्तूंची अशी जात लावून रास घालण्याचे काम मारेकऱ्यांनीच सुरू केले होते. छावणीच्या कोठारांत मृतांच्या सामानाची वर्गवारी होऊन ते जर्मनीला रवाना होत असे. त्या अर्थाने ढिगारा ही मारणाऱ्याची नजर आहे. ज्या सुमारे २,१०० सुटकेसींवर रंगाने नाव लिहिलेले आहे, त्यांच्यापाशी मात्र नजर मालकाची होते, कारण सामान परत मिळेल या भरवशाने त्या माणसाने स्वतःच्या हाताने ते नाव घातलेले असते. वात्स्यायनाचा परिग्रह इथे अक्षरशः डोळ्यांना दिसतो.

जिथे मूळ वस्तूच उरलेली नाही तिथे कलावंताला उद्देशिकाकडे वळण्यावाचून मार्ग नसतो, आणि मग कसोटी ही लागते की घडवलेली वस्तू वापरलेल्या वस्तूच्या किती जवळ जाते. बुडापेस्टमध्ये डॅन्यूब नदीच्या काठावर, संसदभवनाजवळ, लोखंडाच्या ओतीव बुटांचे ६० जोड दगडी धक्क्यावर घट्ट बसवलेले आहेत. चित्रपट दिग्दर्शक जान तोगाय यांच्या कल्पनेतून आणि शिल्पकार ज्युला पावेर यांच्या हातून साकारलेले हे स्मारक २००५ मध्ये उभे राहिले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हंगेरीतील ॲरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या हत्यारबंद माणसांनी ज्यूंना या काठावर आणून गोळ्या घातल्या आणि देह नदीत पडू दिले. त्याआधी त्यांना बूट काढायला लावत, कारण युद्धकाळात बुटांना किंमत होती. बुटाला किंमत होती आणि ते घालणाऱ्याला नव्हती, ही गोष्ट सांगायला या स्मारकाला एकही शब्द लागत नाही. शिल्पकाराने चौथरा वापरला नाही, आकार मोठा केला नाही, बूट एका रांगेत शिस्तीने लावले नाहीत. काही कलंडलेले आहेत, काहींच्या टाचा झिजलेल्या आहेत, पुरुषांचे, बायकांचे आणि लहान मुलांचे जोड एकमेकांत मिसळलेले आहेत. म्यानावरून तलवार आठवावी तसा बुटावरून पाय आठवतो, आणि पाय नाही हे त्याच क्षणी दिसते. लोक त्यांत फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात, मुलांच्या बुटांत गोळ्या-चॉकलेटे ठेवतात. अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात १९९५ च्या बॉम्बस्फोटातील १६८ मृतांसाठी १६८ रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या आहेत, त्यांतल्या १९ मुलांसाठीच्या म्हणून आकाराने लहान. तिथेही बसणाऱ्याचा अभावच बोलतो.

पायांतून काढलेल्या जोड्यापुढे फुले ठेवणे मराठी मनाला परके नाही. वहाणा उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या या समाजाने पादुका मात्र मस्तकी धरल्या. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून भरताने राज्य सांभाळले, नृसिंहवाडीला आणि औदुंबरला दत्ताच्या पादुकांची पूजा होते, आणि आषाढी वारीसाठी आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या आणि देहूहून तुकारामांच्या पादुका पालखीतून पंढरपूरला निघतात. पालखीतल्या या पादुका चांदीच्या असतात. संतांच्या पायांतल्या लाकडी खडावा त्या नव्हेत, म्हणजे वर्गीकरणाने त्या उद्देशिकच ठरतील. मग त्यांच्यात प्राण कोठून येतो? तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखीची प्रथा घातली, तेव्हापासून या पादुकांना दर वर्षी चालावे लागते. पायाला जी वाट चालायची असते तीच वाट त्या चालतात, आणि वाटेत नीरेच्या पात्रात माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. २०२० च्या साथीत वारी भरू शकली नाही, तरीही पादुका एसटीच्या गाडीतून पंढरपूरला नेण्यात आल्या, कारण त्यांनी त्या दिवशी तिथे पोहोचणे हेच त्यांचे पादुका असणे होते. गौतमाच्या यादीत अभ्यास, म्हणजे पुन्हापुन्हा करणे, हेही एक कारण सांगितलेले आहे. संग्रहालयातील वस्तूचा वापर संपतो म्हणून ती स्मारक होते. वारीतील वस्तूचा वापर संपू दिला जात नाही म्हणून ती स्मारक राहते. दुसरी रीत अधिक कष्टाची आहे आणि अधिक टिकाऊही आहे, कारण तिच्यात आठवण ठेवणाऱ्याला दर वर्षी स्वतःचे पाय झिजवावे लागतात.

महाराष्ट्राच्या सामूहिक स्मृतीत मात्र अशाही वस्तू आहेत ज्यांचा एकही नमुना कोणी सोन्याच्या करंडकात जपलेला नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्य माणसाला कमरेला झाडू बांधावा लागे, म्हणजे त्याच्या पावलांची धूळ मागच्या मागे झाडली जाईल, आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मातीचे गाडगे अडकवावे लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात नोंदवले. गाडगे फुटते, झाडू झिजतो, आणि ज्यांच्या गळ्यात ते घातले गेले त्यांना ते जपण्याची इच्छा होणे शक्यच नव्हते. तरीही या दोन वस्तू दलित चळवळीच्या बोलण्यात, गाण्यात आणि चित्रांत दोनशे वर्षांनंतरही ठसठशीत उभ्या आहेत. प्रत्यक्ष वस्तू नसताना केवळ शब्दाने तिचा उद्बोध होऊ शकतो, याचे कारण पुन्हा तेच : गाडगे आणि झाडू प्रत्येक घरात होते. ज्या वस्तूने पाणी प्यायचे आणि अंगण झाडायचे तीच वस्तू माणसाच्या अंगावर विटंबना म्हणून बांधली गेली, हे ऐकताना ऐकणाऱ्याच्या हाताला त्या वस्तूचे वजन कळते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीने घेतले, आणि नंतर कर्मठांनी तळ्याच्या शुद्धीसाठी १०८ घागरींचा विधी केला. ज्या कृतीने इतिहास घडला तिला भांडे लागले नव्हते, आणि तिला पुसण्यासाठी मात्र १०८ भांडी लागली, ही बाब महाडचा इतिहास शिकवताना सांगितली गेली पाहिजे.

या दोन वस्तूंचा पुढचा प्रवास थक्क करणारा आहे. विदर्भात परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर यांनी घर सोडले तेव्हा हातात घेतले ते मातीचे गाडगे आणि झाडूच. गाडग्यात ते भाकरी घेऊन खात आणि झाडूने गावेच्या गावे झाडून काढत, आणि रात्री कीर्तनातून अस्पृश्यतेवर आणि नवससायासांवर आसूड ओढत. लोकांनी त्यांना नावच त्या वस्तूवरून दिले : गाडगेबाबा. ज्या दोन वस्तू एका समाजाच्या अपमानाची खूण होत्या त्याच दोन वस्तू स्वेच्छेने धारण करून एका संताने त्यांना सेवेची खूण केले. ही निवड त्यांनी तो इतिहास मनात ठेवून केली होती की नाही, याहून महत्त्वाचे हे की, त्यांच्यानंतर गाडगे हा शब्द उच्चारताना दोन्ही अर्थ एकत्र येतात आणि एकाला विसरून दुसरा घेता येत नाही. वस्तूचा अर्थ वस्तूत साठवलेला नसतो. तो ती धरणाऱ्या हाताबरोबर बदलतो, आणि जुना अर्थ न पुसता बदलतो. म्हणूनच स्वच्छतेच्या योजनेला गाडगेबाबांचे नाव देताना झाडू तेवढा उचलायचा आणि गळ्यातल्या गाडग्याचा इतिहास गाळायचा, हे स्मरण नव्हे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, वज्री, पानाचे डबे, कुलपे आणि स्वयंपाकाची भांडी अशा हजारो घरगुती वस्तू आहेत. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी त्या आयुष्यभर गावोगाव फिरून जमवल्या, आणि बालपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले. एका बापाच्या वियोगाने एका प्रांताच्या घरसंसाराची स्मृती राखली गेली, आणि तिथे अडकित्ता पाहणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या घरातली सुपारी कातरणारी बोटे आठवतात.

मराठी घरांत या सगळ्या विचाराचे एक साधे रूप अजून शिल्लक आहे, ते म्हणजे भांड्यांवर नाव घालण्याची चाल. तांब्याच्या काठाखाली, ताटाच्या कडेवर, पातेल्याच्या कानाजवळ बारीक टिंबांनी ठोकलेली अक्षरे असतात : कोणाला, कोणाकडून, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या तारखेला, आणि काही भांड्यांवर कोणा कैलासवासी माणसाचे नाव देऊन पुढे 'यांच्या स्मरणार्थ' असे शब्द कोरलेले असतात. परिग्रह, प्राप्ती आणि वियोग ही तिन्ही कारणे तिथे बोटभर जागेत मावलेली असतात. या भांड्यांना डब्याप्रमाणे कोणी काचेत ठेवत नाही. ती घासली जातात, टिंबे झिजत जातात, आणि घर हलवताना किंवा वाटण्या होताना ती वजनावर मोडीत जातात. अक्षरे वाचता येतात पण ते नाव कोणाचे होते हे कोणालाच सांगता येत नाही, त्या दिवशी ते भांडे केवळ धातू उरते. तेव्हा असे भांडे मोडीत देण्याची वेळ आलीच, तर ते देण्यापूर्वी प्रत्येक घराने त्याच्या काठावरचे नाव एकदा मोठ्याने वाचावे, आणि ते माणूस कोण होते हे घरातल्या सर्वांत लहान मुलाला सांगावे.